पहिल्या सहा तासांत आरपीजीबद्दल किती खरं कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: नवा फँटसी आरपीजी (पात्र बनवून त्याच्या भूमिकेतून खेळायचा व्हिडिओ गेम) घेतला, सहा तास खेळून झाले. पात्र बनवण्यातच तास गेला, लढाईत निम्मे वार फुकट जातात, संवादात दर दोन ओळींना एखादं नवं नाव येतं, जग मात्र देखणं आहे. ज्या मित्राने गेम सुचवला तो म्हणतो, "वीस तास काढ, मग मजा येते." तर पुढे खेळायचं की सोडून द्यायचं? गेमचं नाव तुम्ही मुद्दाम दिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. नाव आलं की उत्तरं त्या गेमच्या बाजूने किंवा विरोधात जातात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

"हा गेम चांगला आहे का" एवढंच तुम्ही विचारताय असं मला वाटत नाही. सहा तासांत जे दिसलं त्यातलं शेवटपर्यंत तसंच काय राहणार आणि बदलणार काय, हे तुम्हाला ओळखायचं आहे. मी बरीच वर्षं हे गेम्स खेळते, त्यांची परीक्षणं लिहिते आणि टेबलावर मित्रमंडळींसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा भूमिका-खेळही चालवते. यातून माझं एक ठाम मत झालंय. सुरुवातीच्या तासांवरून लेखनाबद्दल जे मत होतं ते बहुतेक वेळा खरं ठरतं, आणि लढाईबद्दल जे होतं ते बहुतेक वेळा बदलावं लागतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुम्ही सलग तीन तास बसता की रोज झोपायच्या आधी अर्धा तास, याने फार फरक पडतो. साठ-सत्तर तासांचा गेम अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत खेळला की दर वेळी पहिली दहा मिनिटं "आपण कुठे होतो" हे आठवण्यात जातात, आणि संथ गेम आणखी संथ वाटतो. तुम्ही याआधी टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाल करायचं, काही खेळला आहात का, हेही महत्त्वाचं. आणि गेम अर्ली ॲक्सेसमध्ये (अपुरा असतानाच विक्रीला) आहे की पूर्ण बाहेर आलाय, यावर माझं निम्मं उत्तर बदलेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

पैशांचा मुद्दा वेगळा काढून ठेवा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात परताव्याची अट खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळ अशी आहे. पात्र बनवायला तास, सुरुवातीचा धडा तासाचा, म्हणजे या प्रकारच्या गेममध्ये ती मुदत खरा खेळ सुरू होण्याआधीच संपते. जीओजी या दुसऱ्या दुकानात ३० दिवसांची मुदत आहे आणि गेम सुरू केला असला तरी परतावा मागता येतो. तुम्ही स्टीमवर घेतला असेल तर सहा तासांनंतर त्या अटीत परतावा बसत नाही, आणि मग "पैसे दिलेत म्हणून खेळतोय" हा विचारही डोक्यातून काढून टाका. आता तुमच्याकडचा वेळ कशावर घालवायचा एवढंच ठरवायचं आहे.

आता लढाईकडे येते, कारण तुमची मुख्य तक्रार तीच आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

बाल्डर्स गेट ३ सारखा, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा असलेला गेम धरू. पहिल्या लेव्हलला (अनुभवाने पात्र लेव्हल चढत जातं) तुमचा वाराचा बोनस, म्हणजे फाशावरच्या आकड्यात मिळणारी भर, साधारण ५ असतो. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त यायला हवं, म्हणजे ५५ टक्के शक्यता. लागोपाठ दोन वार चुकण्याची शक्यता होते २० टक्के, म्हणजे पाचातून एकदा. आणि पहिल्या लेव्हलला बहुतेकांना फेरीत एकच वार मिळतो, त्यामुळे तो चुकला की त्या पात्राची अख्खी फेरी गेली. त्यात विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट्स, म्हणजे जीव, ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस इतकेच. दोन बाण लागले की तो जमिनीवर. हे सगळं एकत्र आलं की माणूस म्हणतो, "लढाई म्हणजे नुसता नशिबाचा खेळ आहे." पहिल्या दोन लेव्हल्सपुरतं हे म्हणणं खरं आहे, आणि टेबलावर खेळतानाही मी नव्या लोकांना त्या दोन लेव्हल्समधून लवकर बाहेर काढते.

मग बदलतं काय? पाचवी लेव्हल. या नियमांत फायटर, पॅलाडिन, रेंजर, बार्बेरियन या लढवय्या पात्रांना पाचव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो, आणि विझार्डला तिसऱ्या पातळीचे स्पेल्स (मंत्र) मिळतात, ज्यात फायरबॉल हा आगीचा गोळा आहे. एक वार चुकला तरी दुसरा हातात असतो, आणि एका स्पेलमध्ये चार शत्रू एकदम सापडतात. फेरीचा स्वभावच पालटतो. पाथफाइंडर या टेबलावरच्या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या नियमांवरच्या गेम्समध्ये हीच गोष्ट पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या आसपास घडते. म्हणून लढाईबद्दलचं अंतिम मत मी पाचव्या लेव्हलच्या आधी कधी लिहीत नाही. तुमच्या गेमचे नियम वेगळे असतील, पण "मुख्य पात्रांना फेरीत एकाहून जास्त गोष्टी कधी करता येतात" हा टप्पा जवळजवळ प्रत्येक गेममध्ये असतो. तो तुमच्या गेममध्ये कुठे आहे ते शोधा. मित्राचे "वीस तास" बहुधा त्याच टप्प्याबद्दल आहेत.

पण वीस तास वाट बघत बसा असं मी सांगत नाही. आत्ताच करून बघण्यासारखं बरंच आहे. नवे खेळाडू जो स्पेल बघतात आणि सोडून देतात तो म्हणजे क्लेरिकचा (पुजारी-पात्राचा) ब्लेस, कारण त्याने कुणाला इजा होत नाही. ब्लेस तीन जणांना प्रत्येक वारावर चार बाजूंच्या फाशाची भर देतो, सरासरी अडीच. वरच्या उदाहरणातले ५५ टक्के त्याने ६७.५ होतात. बाल्डर्स गेट ३ मध्ये उंच जागेवरून दुरून मारलं तर आणखी २ मिळतात, म्हणजे ७७.५ टक्के. लागोपाठ दोन वार चुकण्याची शक्यता २० वरून ५ टक्क्यांवर येते. लेव्हल तीच, हत्यारं तीच, फक्त एक स्पेल आणि उभं राहायची जागा बदलली. क्लेरिकला मागे ठेवा, कारण तिला मार बसला तर एकाग्रता मोडून ब्लेस जाऊ शकतो. आणि चौघांनी चार शत्रूंवर मार वाटण्यापेक्षा एकेकाला आधी संपवा. अर्धमेला शत्रूही पूर्ण ताकदीने वार करतो.

तुमच्या गेममध्ये ब्लेस नसेलही. तरी प्रत्येक गेमचा एक असा लपलेला नियम असतो, जो कळला नाही तर लढाई रटाळ वाटते आणि कळला की उलगडते. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ मध्ये प्रत्येकाला शारीरिक आणि जादुई असं दोन प्रकारचं कवच असतं. ज्या प्रकारचं कवच शिल्लक आहे त्या प्रकारचे गोठवणं, पाडणं वगैरे परिणाम लागतच नाहीत. पार्टीतले (तुमच्या चमूतले) दोघे तलवारीने आणि दोघे जादूने एकाच शत्रूवर मारत बसले की दोन्ही कवचं निम्मी उतरतात, शत्रू तसाच उभा, आणि खेळाडू म्हणतो की लढाया फार लांबतात. पाथफाइंडर: किंगमेकरमध्ये सुरुवातीच्याच एका गुहेत कोळ्यांचे थवे भेटतात, ज्यांच्यावर तलवार-बाणांचा काही उपयोग होत नाही; आग लागते. फेकायच्या आगीच्या बाटल्या जवळ नसतील तर अख्खी पार्टी तिथेच संपते. पहिल्या प्रसंगात गेम सांगायला कमी पडला आणि दुसऱ्यात त्याने नवख्याला फारच लवकर कोंडीत पकडलं, हे मी मान्य करते, आणि परीक्षणात तसं लिहायलाही हवं. पण "लढाई वाईट आहे" आणि "लढाई शिकवलेली नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीला इलाज नाही. दुसरीला अर्ध्या तासाचा आहे.

तर चाचणी अशी करा. ज्या लढाईत सगळ्यात जास्त वैतागलात तिच्या आधीचा सेव्ह उघडा. पार्टीतल्या प्रत्येकाचे स्पेल्स आणि क्षमता एकदा शांतपणे वाचा, विशेषतः ज्या कधी वापरल्याच नाहीत त्या. जागा निवडून, तयारीने तीच लढाई पुन्हा खेळा. इथे मला तुमच्या जिंकण्या-हरण्यापेक्षा तुम्हाला कसं वाटलं ते महत्त्वाचं आहे. नीट जिंकलात आणि तरीही "चला, संपली एकदाची" एवढंच वाटलं, तर तुमची नावड खरी आहे. पाचव्या लेव्हलनेही ती फारशी जाणार नाही. पण जिंकताना पुढची लढाई आपण वेगळी कशी खेळू असं मनात आलं, तर अडचण गेमच्या ओळखीची होती.

डिफिकल्टीबद्दल मी अगदी स्पष्ट आहे: खाली आणा. पहिल्या खेळात, तुम्ही अजून नियम शिकताय तेव्हा, वरची पातळी ठेवून काही सिद्ध होत नाही. किंगमेकर आणि त्यानंतरच्या पाथफाइंडर गेममध्ये तर शत्रूंची ताकद, तुम्हाला बसणारा मार, मेलेल्या साथीदाराचं पुढे काय होतं, हे सगळं वेगवेगळं बदलता येतं. लढाईची पद्धतही बदलता येते का ते सेटिंग्जमध्ये बघा. किंगमेकर २०१८ मध्ये आला तेव्हा फक्त रिअल टाइम विथ पॉज (सगळे एकाच वेळी लढतात, हवं तेव्हा थांबवता येतं) होता. टर्न-बेस्ड पद्धत २०२० मध्ये मिळाली. पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर मे २०१८ चा, त्यालाही टर्न-बेस्ड पद्धत जानेवारी २०१९ मध्ये आली. म्हणजे एकाच गेमबद्दल दोन माणसांचं मत दोन टोकांचं असू शकतं, कारण ते खेळले त्या गोष्टीच वेगळ्या होत्या.

पात्र बनवण्यात तास गेला याचं वाईट वाटून घेऊ नका, पण त्या तासात घेतलेल्या निर्णयांना चिकटूनही बसू नका. नियम माहीत नसताना निवडलेला क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, हा अंदाज असतो. बाल्डर्स गेट ३ मध्ये कॅम्पवर विदर्स नावाचं एक पात्र येतं, ते १०० सोन्याच्या नाण्यांत तुमचा क्लास आणि गुण नव्याने निवडू देतं. तुमच्या गेममध्ये अशी सोय आहे का ते शोधा आणि असेल तर बिनधास्त वापरा. नसेल, तर सहा तास ही काही फार मोठी गुंतवणूक नाही. नवं पात्र घेऊन त्याच जागी दोन-अडीच तासांत पोहोचाल, कारण या वेळी वाट माहीत आहे. इंटरनेटवरचं तयार बिल्ड (पात्र कसं घडवायचं याची आयती कृती) पहिल्याच खेळात डोळे झाकून घेऊ नये असं मात्र मला मनापासून वाटतं. त्याने लढाया सोप्या होतात, पण "हे आणि हे जोडलं तर असं होतं" हा शोध लागण्याचा आनंद, जो या प्रकाराचा निम्मा जीव आहे, तो दुसऱ्याच कुणीतरी आधीच घेतलेला असतो.

आता नावांचा भडिमार. ही तक्रार मी हलकी मानत नाही. फँटसी लेखकाला आपल्या जगाचा इतिहास पाठ असतो, आणि त्याला वाटतं तो वाचकालाही लगेच हवा आहे. २०१५ चा पिलर्स ऑफ इटर्निटी माझ्या अत्यंत आवडीचा गेम आहे, पण त्याच्या पहिल्या तासांत देव, जुनी राजवट, आत्म्यांचं विज्ञान आणि त्या जगाच्या भाषांतले शब्द एकदमच अंगावर येतात. शिवाय गावात सोनेरी नावपट्टीची माणसं उभी असतात, त्यांच्या आत्म्यात डोकावलं की लांबलचक गोष्ट वाचायला मिळते. गेमला लोकवर्गणी देणाऱ्यांच्या वतीने आलेली ती पात्रं आहेत आणि मुख्य कथेशी त्यांचा संबंध नाही. हे माहीत नसलेला खेळाडू प्रामाणिकपणे सगळं वाचतो आणि पहिल्या गावातच दमतो.

म्हणून सगळं वाचू नका. सापडलेली पुस्तकं पिशवीत टाका, पुढे कधी त्यांची गरज पडली तर उघडा. नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. जे नाव महत्त्वाचं आहे ते गेम पुन्हा आणतो. फक्त तुमच्याशी बोलणाऱ्या माणसांकडे लक्ष द्या, आणि लेखन जोखायचं असेल तर ही चाचणी वापरा: दोन साथीदारांचे संवाद आठवा आणि त्यांची नावं झाकली अशी कल्पना करा. कोण बोलतंय ते कळतं का? एखादी तुटक बोलते, दुसरा प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो, तिसऱ्याला आपल्या दुःखाबद्दल बोलायचंच नाही म्हणून तो हवापाण्याच्या गप्पा मारतो, असा फरक जाणवतो का? सगळे एकाच गंभीर, अलंकारिक आवाजात जगाचा इतिहास सांगत असतील, तर ते चाळिसाव्या तासालाही तसेच बोलतील. लेखक बदलत नाही. माझ्या अनुभवात या बाबतीत "पुढे सुधारेल" हे क्वचितच खरं होतं.

१९९९ चा प्लेनस्केप: टॉरमेंट याचं उत्तम उदाहरण आहे. तो शवागारात सुरू होतो. तुम्ही मेलेल्यांच्या ओट्यावर जागे होता आणि एक तरंगती, बडबडी कवटी तुमच्याशी बोलायला लागते. पहिल्या काही मिनिटांत लेखनाचा दर्जा कळतो, आणि तो शेवटपर्यंत टिकतो. लढाई पहिल्या तासात सामान्य वाटते, आणि तीही शेवटपर्यंत सामान्यच राहते. लेव्हल वाढली म्हणून तिथे फार काही उघडत नाही. म्हणजे लढाईबद्दलचं पहिलं मत नेहमीच चुकतं असं नाही. तरी लोक त्या गेमवर इतकी वर्षं प्रेम करतात, कारण त्यांना त्यातून जे हवं होतं ते लेखनात होतं. तुम्हाला या गेममधून नक्की काय हवं आहे, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. ते स्वतःशी ठरवा, कारण त्यावर सगळा निर्णय फिरतो.

तिसरी गोष्ट, गेम तुमच्याकडे लक्ष देतो का. माझ्या दृष्टीने आरपीजीची खरी परीक्षा हीच आहे, आणि ती सहा तासांत नक्की घेता येते. राजाला मारू की सोडू असे मोठे निर्णय सगळेच गेम्स देतात. त्यांवरून काही कळत नाही. लहान गोष्टी बघा. क्वेस्ट (कामगिरी) मिळायच्या आधीच ती वस्तू तुमच्या पिशवीत असेल तर संवादात तो पर्याय येतो का? ज्याच्याशी बोलायला सांगितलंय तो माणूस मेला तर क्वेस्ट अडकते की दुसरी वाट निघते? ओरिजिनल सिन २ मध्ये फोर्ट जॉय या पहिल्याच तुरुंगातून बाहेर पडायच्या कितीतरी वाटा आहेत, आणि तुम्ही शोधून काढलेली वाट ही खरोखर तुमची वाटते. बाल्डर्स गेट ३ मध्ये मेलेल्यांशी आणि प्राण्यांशी बोलायचे स्पेल्स आहेत, आणि बोललात तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं. २०१६ च्या टिरनीमध्ये पात्र बनवतानाच तुम्ही एका जुन्या युद्धात काय केलंत ते ठरवता, आणि पुढे लोक त्यावरून तुमच्याशी कसं बोलायचं ते ठरवतात. एक सेव्ह ठेवा, एक साधी साइड क्वेस्ट दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी सोडवा, आणि त्यानंतर गावातले लोक काही वेगळं बोलतात का ते ऐका. दोन्ही वेळा तीच दोन वाक्यं आणि तेच बक्षीस मिळालं, तर गेमचा स्वभाव तुम्हाला कळला.

इथे एक सावधगिरी. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत, आणि ऑस्टागार या ठिकाणी येईपर्यंत प्रत्येकाचा गेम वेगळा असतो. ज्याने एक सुरुवात खेळली त्याचं पहिलं मत हे त्या सुरुवातीपुरतंच. तुमच्या गेममध्ये असं काही असेल तर मित्र ज्या सुरुवातीबद्दल बोलतोय ती तुम्ही खेळलेलीच नसेल.

आता चांगल्या पहिल्या मताबद्दलही बोलायला हवं, कारण "जग देखणं आहे" हे तुम्ही लिहिलंय आणि त्यावर तुमची बरीच आशा टिकून आहे असं दिसतं. गेमचा पहिला भाग हा जवळजवळ नेहमीच सगळ्यात जास्त तासलेला असतो. बाल्डर्स गेट ३ चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. जवळजवळ तीन वर्षं हजारो लोक तोच भाग खेळून त्यातल्या चुका दाखवत होते. उंच जागेचा नियमसुद्धा त्या काळात वेगळा होता आणि नंतर बदलला. तिसऱ्या अंकाला ती संधी मिळाली नव्हती, आणि सुरुवातीला मोठ्या शहरात शिरल्यावर अनेकांचा गेम अडखळत होता. पुढच्या पॅचेसनी (दुरुस्त्यांनी) तो बराच सुधारला. ओरिजिनल सिन २ चाही पहिलाच भाग वर्षभर अर्ली ॲक्सेसमध्ये होता. त्यामुळे सहा तासांनंतर "काय अप्रतिम गेम आहे" असं लिहिणाऱ्यांकडेही मी "गेम वाईट आहे" म्हणणाऱ्यांइतक्याच सावधपणे बघते. देखावा तुम्हाला आणखी काही तास ओढून नेईल. डोळे सरावले की त्याची ओढ कमी होते.

तुमच्या मित्राचं म्हणणं कसं तोलायचं? त्याला एकच विचारा: वीस तासांनी नेमकं काय बदलतं? "पाचवी लेव्हल येते", "पूर्ण पार्टी जमते", "शहर उघडतं" असं ठोस काही सांगितलं तर विश्वास ठेवा. २००० च्या बाल्डर्स गेट २ ची सुरुवात एका बंदिस्त तळघरात होते. ते तळघर ओलांडलं की अथकात्ला हे प्रचंड शहर समोर येतं आणि गेम खऱ्या अर्थाने सुरू होतो. पुन्हा पुन्हा खेळणाऱ्यांना ते तळघर इतकं नकोसं झालं की ते टाळून थेट शहरात नेणारा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) बनला. त्या गेमबद्दल "थोडं सोस, पुढे मजा आहे" हे शब्दशः खरं होतं. पण मित्र "कथा पुढे जबरदस्त होते" एवढंच म्हणत असेल आणि तुम्हाला संवादच आवडत नसतील, तर कथेतली वळणं आवडतील कदाचित, पण ती सांगणारा आवाज तोच राहणार.

आणि हाताळणी: पिशवी आवरणं, कॅमेरा, अक्षरांचा आकार, पार्टीने भलतीकडूनच चालत जाणं. यावर फार लिहीत नाही. अक्षरं मोठी करायची सोय असेल तर आजच करा, निम्मा थकवा तिथूनच येतो. बाकीचं पॅचने सुधारलं तर सुधारलं. सहा तासांत माणसांशी बोलण्यापेक्षा पिशवी लावण्यात जास्त वेळ गेला असेल, तर पुढे सामान वाढत जातं, कमी होत नाही.

तर तुमच्या जागी मी असते तर वर सांगितलेली लढाई आणि साइड क्वेस्ट, दोन्ही चाचण्या एकाच बैठकीत केल्या असत्या, आणि मग पाचवी लेव्हल किंवा पहिला मोठा प्रदेश संपणं, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत खेळले असते. दर बैठकीनंतर एका वहीत एकच ओळ लिहायची: पुढच्या वेळी मला गेममध्ये काय करायचं आहे. "त्या विहिरीत काय आहे ते बघायचं", "तिला तिच्या भावाबद्दल विचारायचं", असं काहीही. ही ओळ सहज सुचत असेल तर लढाईच्या तक्रारी असूनही गेम तुमच्यासाठी आहे. लागोपाठ काही बैठका "मुख्य क्वेस्ट पुढे न्यायची" याखेरीज काहीच सुचलं नाही, तर थांबा. साठ तास असे कर्तव्य म्हणून काढायचे नसतात.

सोडलात तर शेवटचा सेव्ह नाव देऊन ठेवा आणि त्याच वहीत कोण पार्टीत आहे, कुठे उभे आहात, कोणती क्वेस्ट चालू आहे ते लिहून ठेवा. महिन्याभरात परतलात तर त्यावरून पुढे जाता येईल. बऱ्याच महिन्यांनी, दोन-चार मोठे पॅचेस येऊन गेल्यावर परतलात तर मात्र नवं पात्र घ्या. बटणं आणि नियम विसरलेले असतात, आणि जुन्या सेव्हमध्ये मधूनच उतरलं की पुन्हा तीच चिडचिड होते. आणि या आठवड्यात चाचणी करून बघितलीत तर इथेच खाली तुमचा क्लास, पार्टीतले चौघे आणि ती लढाई कुठली होती ते लिहा. गेमचं नाव लपवूनच ठेवा हवं तर. पार्टी कळली तरी कुठे अडतंय ते सांगता येईल.